एका फोटोत एकच माणूस

‘मावशी, जरा बाजूला सरता का?’ कॅमेऱ्याचा डोळा न सोडता अर्चनानं विचारलं.

प्रमिलाबाई सरल्या नाहीत. नवऱ्याच्या खुर्चीमागे एक पाऊल गेल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. ‘मी नसले तर हे बसायचे नाहीत, बाई. लगेच उठतील.’

डुमसच्या समुद्रकाठी काळ्या वाळूत भजीवाल्याकडून मागून आणलेल्या खुर्चीत भटूआप्पा बसले होते. बमरोलीच्या कापड रंगवायच्या मिलमध्ये जन्म गेला त्यांचा. नखांतला निळा रंग अजून निघाला नव्हता. खोकला तर असा, की भजी खाणाऱ्यांनीही माना वळवल्या.

‘मना फोटो कसाले?’ ते बायकोवर डाफरले. ‘माले काय लगीन करनं शे?’

‘उगा बसा ना जरा,’ प्रमिलाबाई म्हणाल्या. त्यांच्या द्रोणातली भजी तशीच होती. तीही आप्पांनीच संपवली.

प्रमिलाबाई अर्चनाकडे पोळ्या करायला यायच्या. दिवाळीनंतर त्यांनी काम सोडलं. कारण विचारलं तर घरात आजारपण आहे, एवढंच बोलल्या. मग काल अचानक दारात उभ्या.

‘बाई, तुम्ही पार हिमालयात जाऊन फोटो काढता. आमच्यासाठी एक काढाल? उघड्यावर, चांगल्या उजेडात. सासूबाई गेल्या तेव्हा घरात फोटोच नव्हता. आधारकार्डावरचा मोठा करून लावला. भिंतीवर भूत बसल्यासारखं दिसतं हो. ऐन वेळी पंचाईत होते.’

कोणाचा, हे अर्चनानं विचारलं नाही. जित्या माणसाचा असला फोटो काढायचा तर त्याचं नाव घेत नाहीत. आणि विचारायचं काय होतं? आप्पांचा खोकला त्यांच्या अख्ख्या डिंडोली वस्तीला ठाऊक होता. तिला या बाईची फार कीव आली. दुसऱ्याच दिवशी ती दोघांना रिक्षात घालून समुद्रावर घेऊन आली.

फोटोच्या बाबतीत मात्र अर्चना कोणाच्या बापाचं ऐकायची नाही. मराठी शाळेत शिकवून उरलेला सगळा वेळ तिनं या नादात घातलेला. रविवारी तापीच्या काठावर हौशी मंडळी जमवून ती हेच घोकून घ्यायची. उन्हं कलेपर्यंत थांबा. कॅमेरा हातात धरू नका, तिपाई पक्की रोवा. नेम माणसाच्या डोळ्यावर धरा. आणि एका फोटोत एकच माणूस! बाकीचं सगळं विरघळू द्या.

आजही तिनं लेन्सचं तोंड पूर्ण उघडलं आणि आप्पांच्या डाव्या डोळ्यावर नेम धरला. ऊन तिरपं झालं होतं. गालाची एकेक सुरकुती उजळली. मागे समुद्र, होड्या, माणसं, सगळं वितळलेल्या लोण्यासारखं पातळ झालं.

‘मी नीट येतेय ना, बाई?’ प्रमिलाबाईंनी विचारलं.

‘येताय हो. आप्पा, इकडे बघा.’

प्रमिलाबाईंनी जांभळी साडी नेसली होती, अजून घडीचे वळ न मोडलेली. घरी बसून दुसऱ्यांच्या साड्यांना खडे चिकटवता चिकटवता ही एक त्यांनी स्वतःसाठी केलेली. ब्लाउज पाठीकडे पिना लावून आवळला होता. मधेच त्या वाळूत खाली बसायच्या. अर्चना कॅमेऱ्याला डोळा लावायच्या आत पुन्हा उभ्या राहायच्या, पदर सारखा करून.

अर्चनाचं भान हरपलं होतं. तिला आता भूक नव्हती, तहान नव्हती. हा चेहरा पुढच्या प्रदर्शनात मधोमध लावायचा, हेही तिनं ठरवून टाकलं. कॅमेऱ्यामागच्या पडद्यावर तिनं प्रमिलाबाईंना फोटो दाखवला. खड्यांचे मागे गोल गोल दिवे झाले होते. तिला ते फार आवडलं.

‘छान आलेत हे,’ प्रमिलाबाई डोळे बारीक करून म्हणाल्या. चष्मा घरीच राहिला होता. ‘आणि मी?’

‘तुम्ही पण आहात की मागे.’

प्रमिलाबाई हसल्या. मग जरा वेळानं, लाजल्यासारखं करून म्हणाल्या, ‘आता माझा एकटीचा एक काढता?’

अर्चना तिपाई मिटत होती. सूर्य पाण्याला टेकला होता. ‘उजेड गेला, मावशी. उजेड गेला की फोटोत जीव राहत नाही. पुढच्या वेळी नक्की.’

‘बरं,’ प्रमिलाबाई म्हणाल्या. परतीच्या वाटेवर रिक्षात आप्पा खोकत राहिले आणि त्या डोळे मिटून बसल्या.

होळीच्या अलीकडे एका सकाळी फोन आला. प्रमिलाबाईंच्या शेजारचा बळीराम बोलत होता. ‘बाई, प्रमिलाबाईंच्या घरून बोलतोय. वाईट झालं. फोटो लागेल आता. तुमच्याकडे आहे म्हणून सांगून ठेवलेलं.’

तरी बरं, फोटो झाला होता. तिनं सगळे फोटो पुन्हा पाहिले. प्रत्येकात आप्पांचा चेहरा लख्ख, आणि खांद्यामागे तोच पुसट जांभळा डाग. तिनं सर्वांत चांगला निवडला, तो डाग कडेनं कापून टाकला आणि फोटो मोठा करून घेतला. फ्रेम केली, चंदनाचा हार घेतला. दुकानदारानं सगळं कागदात गुंडाळून दिलं.

डिंडोलीत त्या घरासमोर चपलांचा ढीग होता. बायकांनी तिला वाट करून दिली. आतल्या खोलीत कोणीतरी रडत होतं. आता मावशींना कसं सामोरं जायचं, या विचारात ती उंबऱ्याशी थांबली. छातीशी फ्रेम धरून ती आत गेली.

भिंतीशी दिवा लावला होता. त्याच्याजवळ बसलेले भटूआप्पा खोकत उठले आणि त्यांनी फ्रेमसाठी दोन्ही हात पुढे केले. ‘आणा बाई. शेवटपर्यंत हेच सांगे ती. माझा फोटो बाईंकडे आहे, फार चांगला काढलाय त्यांनी.’