टॅड म्हणजे थोडंसं

सोनोग्राफीच्या खोलीतून रत्नमाला बाहेर आली ती पोटावरची चिकट जेली पदराने पुसत, आणि एकच शब्द तोंडात धरून. वाटेत तो सांडू नये म्हणून ती पुटपुटत होती.

"टॅड," ती बाकावर बसलेल्या नणंदेला म्हणाली. "तृप्ती, टॅड म्हणजे काय वं?"

आठवा महिना चालू होता. आत डॉक्टरने मशीन पोटावर एकाच जागी बराच वेळ दाबून धरलं होतं. मग शेजारच्या शिकाऊ डॉक्टरणीला त्याने इंग्रजीत काहीबाही सांगितलं, दोघांनी पडद्याकडे पाहिलं, आणि रत्नमालेला "उठा आता" झालं. त्या सगळ्या इंग्रजीत हा शब्द दोनदा आला, म्हणून तेवढाच हाती लागला.

"तिथंच विचारलं काहून नाई?" सासू बायजाबाई म्हणाली.

"भेव लागला मले."

तृप्ती मोहाडीच्या कॉलेजात बी.ए. करत होती, तेही इंग्रजी घेऊन. औषधाच्या बाटलीपासून बँकेच्या मेसेजपर्यंत घरातलं सगळं इंग्रजी तिच्याच गळ्यात पडायचं. पण हा शब्द तिला पुस्तकात कधी भेटला नव्हता. तिने मोबाईल काढला. रत्नमालेने बाकाची कड घट्ट धरली.

"अवो वहिनी, काहीच नाई!" तृप्ती हसली. "टॅड म्हणजे थोडंसं. बोलाचालीतला शब्द हाये, परीक्षेत लिहाचा नाई. चहात साखर जराशी जास्त झाली तं टॅड गोड. कोणी जरासा उशिरा आला तं टॅड लेट. डॉक्टर म्हणला असन, लेकरू टॅड स्मॉल. थोडंसं बारीक. बस."

तिने मोबाईल पर्समध्ये टाकला आणि वर पाहिलं. दोघींपैकी कोणीच हसत नव्हतं. बायजाबाईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"थोडंसं," बायजाबाई म्हणाली.

त्यांच्या गावात वाईट बातमी सरळ सांगायची नसते. माणूस गेला तरी लेकीला, भावाला फोन जातो तो "तब्येत थोडीशी बिघडली, येऊन जा" एवढाच. ऐकणारा वाटेतच कोसळू नये, हा त्यातला चांगुलपणा. आणि असे फोन करायला लोक बायजाबाईलाच बोलावतात, कारण काहीही झालं तरी तिचा आवाज हलत नाही. यादोरावचा पोरगा तलावात बुडाला तेव्हा त्याच्या मामाला तिनेच कळवलं होतं, पोराच्या नाकातोंडात थोडंसं पाणी गेलं म्हणून. मामा येताना पोरासाठी बिस्किटं घेऊन आला होता.

"आई, हे इंग्रजीतलं थोडंसं हाये," तृप्ती म्हणाली. "आपल्या गावचं नाई."

"मंग डॉक्टर कोणत्या गावचा हाये? आडनावावरून तं इकडचाच वाटते."

रत्नमालेने दोन्ही हात पोटावर ठेवले.

"सकाळपासून हललंच नाई वाटते," ती हळूच म्हणाली.

मग तिघीही घाबरल्या. अर्थ ठाऊक असलेली तृप्तीसुद्धा.

बायजाबाई उठली आणि कोणी नाव पुकारायच्या आधीच दार ढकलून आत शिरली. मागोमाग या दोघी. शिकाऊ डॉक्टरीण हात धूत होती.

"मॅडम, लपवू नका," बायजाबाई म्हणाली. "लेकरू जिवंत हाये का नाई?"

"अहो, असं काय विचारता? छान आहे बाळ. वजन थोडंसं कमी आहे, एवढंच."

"थोडंसं नका म्हणू!" बायजाबाई जवळजवळ ओरडलीच.

डॉक्टरणीने रत्नमालेला पुन्हा झोपवलं, पोटावर एक लहानसं यंत्र टेकवलं आणि त्याचा आवाज मोठा केला. खोलीभर धडधड सुरू झाली. एकसारखी, घाईघाईची, न थांबणारी. रत्नमाला हुंदके देऊन रडली. तृप्तीही रडली. बायजाबाईने डोळे मिटून ते ठोके ऐकले आणि भिंतीला टेकली.

"नीट खाऊ घाला हिला," डॉक्टरीण म्हणाली. "दोन आठवड्यांनी परत आणा."

बाहेर आल्यावर बायजाबाईने लाखनीला फोन लावला. रत्नमालेचा नवरा प्रफुल्ल तिथे राईस मिलमध्ये कामाला होता आणि सकाळपासून या फोनची वाट पाहत होता. रत्नमालेलाही ऐकू यावं म्हणून तृप्तीने स्पीकर चालू केला. मागे मिलची घरघर येत होती.

"हं आई, काय म्हणे डॉक्टर?"

"सगळं चांगलं हाये रे बापू. लेकरू थोडंसं बारीक हाये, एवढंच." तिचा आवाज हलला नाही.

पलीकडची घरघर कमी कमी होत गेली. प्रफुल्ल मिलच्या बाहेर आला असावा.

"रत्नमाला कशी हाये?"

"चांगली हाये. हे काय, बाजूलेच बसली हाये."

"मी येऊन राहिलो."

"कायले येतं? काम कर तुयं. काही झालं नाई म्हणते ना मी."

रत्नमाला बोलायला पुढे वाकली, तेवढ्यात त्याचा दबलेला आवाज आला.

"आई, पोरगा होता का पोरगी?"