सागवानी हात

आदगोंडा पाटलांच्या आजोबांच्या खुर्चीला केरबा सुतारानं नवा सागवानी हात बसवला, पण जुन्या लाकडाचा रंग त्याला काही केल्या येईना. जर्मनीच्या लढाईमुळं सांगलीत पॉलिशही मिळत नव्हतं.

"आवं पाटील, ह्यो रंग माणसाच्या तळव्यानं चढतुया. त्याला एक पिढी घासावं लागतंय."

"मग आमची सून हाय कशाला?" पाटील म्हणाले.

दिवाळीनंतर केरबा पुन्हा गेला. नवा हात जुन्यासारखाच काळपट, तुकतुकीत झाला होता. चहा घेऊन आलेल्या सुनेच्या, राजमतीच्या, तळव्यांवर मात्र एकही रेषा उरली नव्हती. तिथं नुकत्याच रंधा मारलेल्या सागाची फिकट नक्षी होती.

पाटलांनी खुर्ची फिरवली.

"केरबा, पाठीची फळी वाळवीनं खाल्लीया. नवी बसीव."

राजमतीनं आपली पाठ भिंतीला घट्ट टेकवली.