परतीची तारीख

परत आलेलं प्रत्येक पुस्तक कपाटात लावण्याआधी प्रमिलाताई ते झटकून घेत. बसची तिकिटं पडत, संत्र्याची वाळकी साल पडे, एकदा तर कुणाचं आधार कार्ड पडलं होतं. शनिवारी पटवारी परीक्षेच्या गाइडमधून चिठ्ठी पडली.

‘या वेळी नाही लागलं तर माझी वाट पाहू नका.’

ताईंनी पुस्तक पुन्हा उघडलं. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर परतीच्या तारखांचे चार शिक्के होते, आणि चारही शिक्क्यांपुढे एकच नाव. रश्मी, लोधीखेडा. कालच ती पुस्तक देऊन गेली होती. निकाल रात्री लागला, हे सकाळपासून टेबलाभोवतीची पोरं बोलत होती.

खिडकीजवळची तिची खुर्ची रिकामी होती. सौंसरचं हे वाचनालय दहाला उघडायचं आणि ही पोरगी पावणेदहापासून पायरीवर बसलेली असायची. आता साडेअकरा झाले होते.

ताईंनी तिच्या सभासद अर्जावरचा नंबर लावला. रश्मीचा फोन बंद. दुसरा नंबर तिच्या आईचा.

“देवकाबाई, रश्मी घरी हाय का?”

“नाही वो मॅडम. नऊच्या बसनंच गेली, तुमच्याकडं. काहून, काय झालं?”

“तुम्ही या. भेटेल त्या बसनं या.”

ताईंना बसवेना. एका दिवसाचा उशीर झाला तरी त्या सभासदाची बिनपाण्यानं करत. या पोरीला दोनदा रडवलं होतं. आज त्या दाराकडे पाहत मनातल्या मनात घोकत होत्या, कितीही उशीर कर बाई, पण ये.

बाराच्या सुमारास रश्मी आली. डोळे सुजलेले, चपला धुळीनं भरलेल्या. तिनं सभासद कार्ड टेबलावर ठेवलं.

“हे जमा करून घ्या, मॅडम. आता लागत नाही मले.”

ताईंनी चिठ्ठी मुठीत आवळली. ओरडावंसं वाटत होतं, तिला जवळ ओढावंसं वाटत होतं. पण एक शब्द चुकला तर ही आल्या पावली निघून जाईल. हाताला लागलं ते पुस्तक त्यांनी ओढलं. शिक्क्याची चकती नखानं फिरवली. पंधरा दिवसांनंतरची नाही, उद्याची तारीख उमटवली.

“कार्ड राहू दे. हे ने. उद्या परत आणजो.”

रश्मीची नजर त्यांच्या मुठीवर गेली. बोटांतून डोकावणारा कागद तिनं ओळखला.

“उद्या रविवार हाय, मॅडम,” ती हळूच म्हणाली. “वाचनालय बंद असते.”

“मी उघडीन,” ताई म्हणाल्या. “पावणेदहाले पायरीवर बसून तुयी वाट पाहीन.”