नकाशावरची झाडं

नरक्याची झाडं बुंध्यापासून तोडून नेली होती. त्यांचा उग्र वास अजून रानात होता. हे लाकूड औषधासाठी चोरून विकतात, हे हेमांगीला माहीत होतं. तरी लोकांनी आपली रानझाडं ओळखावीत, जपावीत म्हणून तिच्या गटाने सगळ्यांसाठी खुला नकाशा केला होता. ही जागा त्यावर तिनेच टाकली होती. झाडं दाखवली होती धनगरवाड्यातल्या धोंडाबाई झोरेंनी.

"तुम्हीच म्हणाला होता, नकाशावर आली की झाडं वाचतील," धोंडाबाई म्हणाल्या. "आता फॉरेस्टवाले आमच्या मालकांनाच घेऊन गेलेत. वाडा जवळ आहे, म्हणून."

हेमांगी तशीच वनखात्याच्या कचेरीत गेली. अधिकाऱ्यांपुढे तिने मोबाइलवरचा नकाशा धरला. "साहेब, ही वाट मी सगळ्या जगाला दाखवली होती. यांना सोडा."

"मग तुमचाही जबाब घ्यावा लागेल."

"घ्या."

संध्याकाळी झोरे सुटले. तिच्यासाठी न थांबता ते वाड्याच्या वाटेला लागले. घरी पोचताच तिने दुर्मीळ झाडांच्या सगळ्या जागा नकाशावरून काढून टाकल्या.

पावसाच्या तोंडावर ती नरक्याची रोपं घेऊन वाड्यावर गेली. धोंडाबाईंनी तिला पाणी दिलं, रोपं सावलीत ठेवली.

"लावायला मी येऊ का बरोबर?"

"नको," धोंडाबाई शांतपणे म्हणाल्या. "कुठं लावायची, ते आमचं आम्ही बघू."

हेमांगीने मान डोलावली आणि ती उतरणीला लागली.