निरीक्षणाचे दहा दिवस

"दहा दिवस," प्रणिता म्हणाली. "तेवढ्यात काही वेगळं दिसलं, तर रेवडी या घरात राहणार नाही. शेवटचं सांगतेय, बाबा."

दिनकररावांनी चष्म्यावरून सुनेकडे पाहिले. "दहाच लागतात. चावणारं कुत्रं दहा दिवस धडधाकट राहिलं, तर त्या चाव्यातून रेबीज होत नाही. हे माझं मत नव्हे, नियम आहे."

पकडापकडी खेळताना रेवडीचे दोन दात नऊ वर्षांच्या मैत्रेयीच्या पोटरीत रुतले होते. रक्त थेंबभर. प्रणिताने तासाभरात लेकीला पहिली लस टोचून आणली. त्याला दिनकररावांची हरकत नव्हती.

"तुम्हीही घेऊन टाका ना, बाबा. दिवसभर तुमच्याच मांडीवर असते ती."

"मला ती चावलेली नाही. पुराव्यावाचून मी सुई टोचून घेत नाही."

लखनौच्या एका संशोधन संस्थेत त्यांनी चौतीस वर्षे वनस्पतींवर काम केले होते. निवृत्तीनंतर निशातगंजच्या घरात प्रयोगासाठी काही उरले नव्हते. आता होते. त्यांनी हिरव्या पुठ्ठ्याचे रजिस्टर काढून सहा रकाने आखले: पाणी, अन्न, लाळ, उजेड, वारा, स्वभाव. रेवडीच्या वाडग्यात आतून मापाच्या खुणा केल्या.

"आजोबा, मैं भी लिखूँ?" मैत्रेयीने विचारले. तिला मराठी सगळे कळे. उत्तर मात्र हिंदीतच येई.

"मागची पानं तुझी. पण दिसतं तेवढंच लिहायचं. वाटतं ते नाही."

पहिल्या तीन दिवसांच्या नोंदी वाचून कोणालाही हसू आले असते. रेवडीने मैत्रेयीच्या आजीच्या, पद्मिनीबाईंच्या, सुपातले मटार पळवले. शेंगा टाकून दाणे तेवढे खाल्ले. दिनकररावांची एकच चप्पल अंगणात नेऊन तिच्यावर डोके टेकून ती उन्हात झोपली. फाटकाची कडी वाजली की तिची शेपटी दाराच्या चौकटीवर ढोल वाजवी. "स्वभाव: नेहमीचा," असे लिहिताना दिनकररावांना कष्टाने गंभीर राहावे लागे. या जनावरावाचून घर कसे वाटेल, हा प्रश्न कुठल्याच रकान्यात बसत नव्हता.

ऑक्टोबरात चिनहटच्या एका कारखान्याच्या फाटकाशी मैत्रेयीला दोन पिल्ले सापडली होती. एकीचे नाव तिने रेवडी ठेवले, दुसऱ्याचे गजक. गजक सहाव्याच दिवशी गेला. शेवटी तो फार किरकिरा झाला होता. औषध पाजताना दिनकररावांच्या डाव्या मनगटावर त्याने दातांचे ओरखडे काढले होते. पिल्लांमध्ये पोटाची साथ सर्रास असते, असे निदान त्यांनी केले. त्यावर कोणी शंका घेतली नाही. घरात शास्त्रज्ञ एकच होता. रेवडी मात्र तगली, आणि जानेवारीपर्यंत चांगली थोराड झाली.

पाचव्या दिवशी धुके दुपारपर्यंत हटले नाही. थंडीने दिनकररावांच्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. मनगट चोळत त्यांनी लिहिले: पाणी, चारशे मिली. लाळ, नाही.

सातव्या रात्री त्यांचा डोळा लागला नाही.

"अहो, कुत्रीच्या काळजीनं स्वतः आजारी पडाल," पद्मिनीबाई म्हणाल्या.

"मी काळजी करत नाही. निरीक्षण करतो."

आठव्या दिवशी खिडकीच्या फटीतून येणारी वाऱ्याची झुळूक त्यांना सोसेना. त्यांनी फटीत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबल्या आणि गळ्याभोवती मफलर आवळला.

नवव्या दिवशी स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. "तो नळ बंद कर आधी!" ते ओरडले. चाळीस वर्षांच्या संसारात पद्मिनीबाईंनी हा आवाज ऐकला नव्हता. रेवडीने कान पाडले. टेबलावरच्या चहावर साय धरली होती.

"घसा धरलाय," ते जरा वेळाने म्हणाले. "धुक्यानं."

दहाव्या सकाळी प्रणिता स्वतः चौकात जाऊन मलई-मक्खन घेऊन आली. रेवडीने वाडगा लपलप आवाज करत रिकामा केला. दिनकररावांनी तेवढा वेळ मान दुसरीकडे वळवली होती. मग त्यांनी लिहिले: "प्राणी निरोगी. निरीक्षण समाप्त."

"हरले मी, बाबा," प्रणिता हसून म्हणाली. "राहू दे तुमची लाडकी."

"मी जिंकलो नाही. पुरावा जिंकला."

"अब मेरा देखिए!" मैत्रेयीने रजिस्टर उलटे करून मागचे पान त्यांच्यापुढे धरले.

तेच सहा रकाने, वाकड्यातिकड्या रेघांचे. वर नाव होते: आजोबा.

"आपका तो ढेर सारा निकला!" ती मोठ्याने वाचू लागली. "पानी, कल से नहीं. चाय भी नहीं. हवा, खिड़की से चिढ़ते हैं. स्वभाव, आजी पर चिल्लाए. लार, बार-बार रुमाल से पोंछते हैं."

सातवा रकाना तिने स्वतः वाढवला होता. "बायाँ हाथ, खुजाते रहते हैं. वहीं, जहाँ गजक ने काटा था."

प्रणिताच्या हातातला चमचा थांबला.

"आपने ही तो कहा था, जो दिखे वही लिखो," मैत्रेयी पुटपुटली.

"बरोबर लिहिलंयस," दिनकरराव म्हणाले. त्यांचा आवाज प्रयोगशाळेत असे तसा शांत होता. "पण निरीक्षण तपासून घ्यायचं असतं. अगं, पेलाभर पाणी आण."

पद्मिनीबाईंनी पेला आणला. दिनकररावांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि सगळ्यांच्या देखत ओठांकडे नेला.

पाणी ओठांना लागण्याआधीच पेला फरशीवर आदळला. रेवडी शेपटी हलवत धावत आली आणि सांडलेले पाणी मजेत चाटू लागली.