टिपणीसांच्या पानाचा मथळा

"'टिपणीस परिवार आपले स्वागत करतो.' हाच मथळा दे पानाला. इंग्रजीत," चंद्रकांत टिपणीस म्हणाले.

श्वेताने टाइप केलं नाही. १९९९ साल, इंटरनेट सुरतेत नवंच होतं. नानपुऱ्यातल्या त्या ऑफिसात ती साडीवाल्यांच्या वेबसाइटी बनवायची, आणि प्रत्येक शेठला सगळ्यांत वर 'पधारो' हवं असायचं.

"काका, स्वागत कोणी शोधत नाही," ती म्हणाली. "सर्च इंजिन आधी मथळा बघतं. शोधणारा माणूस जे शब्द टाकेल, तेच मथळ्यात हवेत. हे पान कोणाला सापडायला हवंय?"

बँकेतून निवृत्त झालेले टिपणीस खुर्चीत सावरून बसले.

"मुलाला. अभिजीतला. अमेरिकेत आहे, कुठे ते ठाऊक नाही. भांडून गेला. माझी पत्रं परत आली. मग आम्ही घर बदललं, फोन बदलला. उद्या त्याला वाटलं, तरी फोन कुठे करेल?"

"मग तुमचंच नाव टाकते. चंद्रकांत टिपणीस, सुरत."

"माझं नाव तो शोधायचा नाही." व्याजाचा दर सांगावा तसं त्यांनी सांगून टाकलं.

श्वेता त्यांच्याकडे वळली. "मग कोणाचं शोधेल?"

"आईचं. विजया. गोडादऱ्याच्या शाळेत शिकवायची. हा तिच्याच वर्गात. सगळ्या पोरांसारखा तिला 'बेन' म्हणायचा. घरी आल्यावरही बराच वेळ 'आई' तोंडात यायचं नाही." ते किंचित हसले.

तिने इंग्रजी अक्षरांत लिहिलं: विजयाबेन टिपणीस, शिक्षिका, सुरत.

"हं. आता खाली काय घालू?"

"नवा पत्ता. फोन. आणि लिही, आई दिवाळीच्या आधी गेली. घरीच. शेवटपर्यंत शुद्धीवर होती, सगळ्यांना ओळखत होती." त्यांनी आणखी जोडलं, "त्रास झाला नाही, असंही लिही."

श्वेताने ते सगळं लिहिलं. मग पानावर परत वर जाऊन तिने मथळ्यात नावाच्या आधी 'लेट', म्हणजे 'कैलासवासी', हा शब्द घातला.

टिपणीस पडद्याजवळ वाकले. चष्मा वर करून त्यांनी मथळा वाचला.

"तो शब्द काढ."

"काका, पण खाली तर आपण…"

"खाली राहू दे. खाली खरं तेच लिहायचं." ते मागे टेकले. "पण तो शोधेल तेव्हा 'लेट' टाकणार नाही."

श्वेताने तेवढा एक शब्द पुसला. नाव डावीकडे सरकलं आणि ओळीच्या सुरुवातीला येऊन थांबलं.