वेग शून्य

संयोगितानं कागद टेबलावर ठेवला आणि हात लगेच मागं घेतला.

"वाचा," ती म्हणाली. "सगळं लिवून आणलंय. सही बी केलीया."

शाहूपुरीतल्या त्या विमा कंपनीच्या ऑफिसात दाव्यांचं काम उजैर मुल्ला नावाचा तरुण अधिकारी बघत होता. त्यानं कागद वाचला. चारच ओळी होत्या. माझे पती कृष्णात गाडी चालवत असताना मी फोनवर त्यांच्याशी भांडले. त्यामुळं त्यांचं लक्ष उडालं. चूक माझी आहे. त्यांच्या नावावर ठपका ठेवू नये.

अकरा महिन्यांत तिनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. कृष्णात शिरोलीच्या एका फौंड्रीत कामाला होता. त्या दिवशी तो गारगोटीला एका गिऱ्हाइकाकडं गेला होता, दोनला परत येतो म्हणून. संयोगिताच्या भावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. नवी साडी नेसून, मुलाला नटवून ती दोनपासून उंबऱ्यात बसली होती. चार वाजून गेल्यावर त्याचा फोन आला आणि ती त्याच्यावर तुटून पडली. संध्याकाळी पोलिसांचा फोन आला. मुदाळतिट्ट्याच्या अलीकडं गाडी झाडावर आदळली होती. कुणीतरी रुग्णवाहिकेला कळवलं होतं, पण ती पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पंचनाम्यात वेळ लिहिली होती, सव्वाचारच्या सुमारास.

तिच्या मोबाईलवर त्याच्या फोनची वेळ होती चार वाजून अकरा मिनिटं. त्याच्या पुढचं तिनंच मनाशी जुळवलं.

सासू बयाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, रस्त्यानं माझं पोरगं खाल्लं. आणि जेवायला बसलं की आधी सुनेच्या ताटात वाढायच्या. तो घास संयोगिताच्या घशाखाली उतरत नसे. आणि आता कंपनीचं पत्र आलं होतं. चालू प्रवासात मोबाईलचा वापर झाल्याचं दिसतं, खुलासा करावा.

ते फोनवर होते हे कंपनीला कसं कळलं, असं तिनं विचारलं. उजैरनं सांगितलं की विमा काढताना कृष्णातनं मोबाईलमध्ये कंपनीचं ॲप घेतलं होतं. नीट गाडी चालवणाऱ्याला हप्त्यात सूट मिळायची. वेग, ब्रेक, वळणं, कुणाला किती वाजता फोन लावला, सगळं ते ॲप कंपनीला कळवायचं. गाडीसुद्धा आपली माहिती परस्पर धाडायची. संयोगिताला आठवलं, कृष्णात जेवताना मोबाईल पुढं करून रोजचे गुण दाखवायचा. शंभरातले ब्याण्णव. ती बघायचीसुद्धा नाही.

"जोडा तो कागद," ती म्हणाली.

उजैरनं जोडला नाही. पत्र संगणकानं आपोआप काढलेलं होतं. त्या दिवसाची पुरी नोंद अजून कुणी उघडून बघितलेली नव्हती. त्यानं ती उघडली. मिनिटामिनिटाच्या ओळी होत्या. तो खाली गेला, परत वर आला. मग पडदा तिच्याकडं वळवून त्यानं एका ओळीवर बोट ठेवलं.

"ताई, धडक चार वाजून सहा मिनिटांनी झालीया. तिथनं फुडं वेग शून्य हाय. गाडीची चावी चालूच ऱ्हायली, म्हणून संगणकानं प्रवास चालू धरला. तुमचा फोन त्याच्यानंतरचा. तुमच्यामुळं काय बी झालेलं न्हाय."

तिनं ते त्याच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग ती रडली. समोर परका माणूस आहे, शेजारच्या टेबलावरचे बघताहेत, याचं तिला काही वाटलं नाही. उजैरनं पाण्याची बाटली पुढं सरकवली. ती घोटभर प्याली, तोंड पुसलं, कागदाची घडी घातली. आज घरी जाऊन बयाबाईंच्या शेजारी बसून पोटभर जेवावं असं तिला वाटलं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा.

घडी पर्समध्ये घालताना तिचा हात थांबला.

"मग फोन केला तवा ते कुठं होते?"

उजैरनं पडदा आपल्याकडं वळवून घेतला.

"गाडीतच," तो म्हणाला. रुग्णवाहिकेला कुणा वाटसरूनं कळवलेलं नव्हतं. चार वाजून आठ मिनिटांनी कृष्णातनंच कळवलं होतं. त्यानंतर त्यानं एकच फोन लावला होता, घरी.

तिनं टेबलाची कडा धरली. त्या दिवशी त्याचा आवाज बारीक येत होता. रेंज नसेल असं तिला वाटलं होतं. तिनं आवाज चढवला होता. भाऊ काय म्हणेल, लोक काय म्हणतील, तुमचं हे नेहमीचंच, असं ती बोलतच सुटली होती. तो मधे कुठं अडवत नव्हता. त्याचाही तिला राग आला होता.

"तुम्हाला काय बोललेच न्हाईत का?" उजैरनं हळू विचारलं. "लागलंय म्हणून, अडकलोय म्हणून?"

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"म्हणाले, भांड हवं तेवढं, पण फोन ठेवू नको. मला वाटलं, थट्टा करत्यात." तिनं त्याच्याकडं बघितलं. "मी ठेवला."